लारीला बैल नसतात

बुधवार, मार्गशीर्ष वद्य पंचमी. नांदेड, दिवेलागण.

आज अंगात त्राण नाही. लातूरहून शेंगदाण्याची पोती घेऊन आलो. सोबत नामदेव होता, अर्धापूरचा गाडीवान. वीस वर्षं बैलगाडीत केळी वाहिली, आता त्याला निजाम सरकारचं लायसन काढून लारी चालवायचीय. लारी सुरू करायला पुढून हँडल मारताना अंगठा आत घेऊ नको, उलट्या झटक्यानं मोडतो, हे सांगितलं. उतारावर गिअर काढू नको, तेही सांगितलं. माळाकोळीला स्टेअरिंग त्याच्या हाती दिलं. सरळ रस्ता दिसला, आणि या गड्यानं दोन्ही हात सोडून पटका बांधायला घेतला! लारी बाभळीत जाता जाता मी स्टेअरिंग ओढलं.

"मारतो का रे मला?"

तो म्हणाला, "उस्ताद, बैल वाट सोडत न्हाईत. सवयीनं झालं."

लई शिव्या दिल्या. सुटलेला पटका त्यानं नांदेडपर्यंत मांडीवरच ठेवला. जरा जास्तच बोललो का? होय. कारण त्याआधी लारी मीच हाकत होतो. चाकूरचा चहा आठवतो. मग अहमदपूर कधी मागं पडलं, ते काही केल्या आठवत नाही. हात तर दोन्ही स्टेअरिंगवरच होते.

नव्या माणसाला आधी हेच सांगायला पाहिजे, की हात स्टेअरिंगवर असले तरी ध्यान सुटतं, आणि लारी बैलांसारखी आपण होऊन वाट धरत नाही. पटक्यावरून शिव्या दिल्या, आणि हे सांगितलं नाही.