पाचवीतल्या नुरझादाची सवलत

काराबुलुन,
१२ सप्टेंबर २००५

चि. झेइनेप हिस बात्मा एजेचे अनेक आशीर्वाद.

तुझी बस वळणाआड गेली तरी तुझी नुरझादा हात हलवत उभीच होती. मग माझ्याकडे वळून तिनं पहिला प्रश्न काय विचारला असेल, तर तुमच्याकडे रात्री दिवा ठेवता का. ठेवते म्हटलं. तू लहानपणी अंधाराला घाबरायचीस, तेव्हापासूनची सवय आहे मला.

खाण्याची काळजी करू नकोस. वाळवलेल्या दह्याचं कुरुत बंद, दही बंद, कच्चं काही नाही. सकाळी भाताची पेज, संध्याकाळी उकडलेलं मटण आणि बटाटा. शेजारची सोनुन विचारत होती, पाहुण्या पोरीला पेज कसली घालतेस, आजारी आहे का ती? म्हटलं, हो, आजारीच आहे. बाई लगेच हवापाण्यावर आली. एवढ्यावर विषय सोडलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली.

आता शाळेचं. डॉक्टरांनी लिहून दिलंय ते मी मुख्याध्यापक मंबेत अगायना वाचून दाखवलं. दाराजवळ बसवा, पळायला लावू नका, न विचारता बाहेर जाऊ द्या, आणि शिक्षकांचं आतलं शौचालय वापरू द्या. पहिल्या दोन गोष्टी लगेच झाल्या. तिसरीचं बघू म्हणाले. किल्लीचं मात्र अडलंय. पोरांचं शौचालय अंगणाच्या पार टोकाला आहे. तुझ्या वेळी त्याला दार नव्हतं, आजही नाही. आतलं एकच, आणि त्याची किल्ली अगायच्या खिशात. ते म्हणाले, बात्मा, भाची तुमची, उपमुख्याध्यापिका तुम्ही, तेव्हा तुम्हीच ठरवा.

हे असं 'तुम्हीच ठरवा' म्हणजे काय, ते मला कळतं. आमच्या पोराला, बेकझातला, शाळेचं पदक मिळालं तेव्हा लग्नाच्या पंगतीत लोक काय म्हणाले, ठाऊक आहे ना तुला? बात्माच्या घरचं वासरूसुद्धा पहिल्या नंबरानं पास होतं म्हणे! त्यात आता घरच्या पोरीला शिक्षकांचं शौचालय उघडून दिलं, तर मला गावात तोंड काढायला जागा राहणार नाही. वर्गशिक्षिका तोयबुबू आधीच म्हणाली, हिला किल्ली द्या, उद्या अख्ख्या शाळेची पोटं दुखायला लागतील. तेव्हा थोडं थांबू या. थंडीपर्यंत लोकांची तोंडं थकतील.

तू तिकडे नीट जेव. पत्र पाठव आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
बात्मा एजे


येकातेरिनबुर्ग,
३ ऑक्टोबर २००५

ती. बात्मा एजे यांस झेइनेपचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र नारीनच्या एका बाईनं आणून दिलं. पत्राला तुमच्या घरच्या चुलीचा वास होता, म्हणून दोनदा वाचलं आणि दोनदा हुंगलं.

इथे रशियात जाकिटं शिवते. मोठा हॉल आहे, शिवणयंत्रांच्या रांगा आहेत. बाहेर जायचं तर मुकादमीण ल्युदमिलाकडची लाकडी पट्टी गळ्यात घालून जायचं. पट्टी एकच, त्यामुळे एक बाई परत येईपर्यंत दुसरीनं बसून राहायचं. मी धडधाकट बाई, तरी कधी कधी डोळ्यांत पाणी येतं. मग वाटतं, नुरझादा आणि मी एकाच वर्गात बसलोय.

एजे, तुम्ही थोरली बहीण, पण माझ्या आईसारख्या. आई गेल्यावर तुम्हीच माझ्या वेण्या घातल्यात. तुमच्यापुढे मी कधी मान वर करून बोलले नाही. पण हे ऐका. नुरझादाला जुलाब झालेले नाहीत. तिच्या आतड्याला आतून जखमा आहेत. कळ आली की आलीच, ती थांबवणं पोरीच्या हातात नाही. मधल्या सुट्टीत जाऊन ये म्हणणं म्हणजे शिंकेला मधल्या सुट्टीत ये म्हणण्यासारखं आहे. मी तिच्यासाठी मेहेरबानी मागत नाही. लंगड्या पोराला आपण काठी देतो, तेव्हा बाकीची पोरं काठी मागतात का?

लोकांचं म्हणाल, तर लोक बोलणारच. तुम्ही किल्ली दिलीत तरी बोलतील, नाही दिलीत तरी बोलतील. देऊनच बोलून घ्या ना.

परवा फोनवर ती म्हणाली, सगळं छान आहे. आवाज असा होता, जसा शेजारी कुणी उभं असलं की येतो. माझ्या मनाचे खेळ असतील. तिच्या सकाळच्या गोळ्या खाल्ल्यावरच द्यायच्या, तेवढं विसरू नका.

आपली छाया आम्हा दोघींवर राहावी, एवढंच मागते.

आपली
झेइनेप


काराबुलुन,
२० नोव्हेंबर २००५

ती. आपा हिस तुझी लेक नुरझादा हिचा सा. न.

आपा, आमच्याकडे खूप बर्फ पडलं. बात्मा ताएजेनं माझे नमद्याचे बूट रोज चुलीपाशी ठेवून गरम केलेले असतात. ती माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालते की डोळे बारीक होतात. मी तक्रार करत नाही.

मी आता दाराजवळ बसत नाही. तिथे वारा येतो म्हणून तोयबुबू बाईंनी मला मागच्या बाकावर पाठवलं आणि तिथे उंच मुलाला बसवलं. मी बाहेर जायला हात वर केला की मुलं हळूच म्हणतात, निघाली, निघाली. बाई म्हणतात, आत्ताच तर सुट्टी झाली. बाहेरच्या शौचालयात बर्फावर बर्फ साठून घसरगुंडी झालीय, आणि दार नाही म्हणून मुलं गोळे करून मारतात. सगळ्यांनाच मारतात, मला एकटीला नाही.

पण आपा, मी एक युक्ती काढली! सकाळी काही खाल्लंच नाही तर पोटात काही नसतं. मग कळ आली तरी नुसतीच येते आणि जाते. म्हणून मी पेज गुपचूप आक्तोशला घालते. आपला कुत्रा इतका जाड झालाय की ताएजे म्हणते, हा उंदीर खातो वाटतं. गोळी खाल्ल्यानंतरच घ्यायची असते ना, म्हणून ती पण घेत नाही. दप्तराच्या कप्प्यात ठेवते. आता खूप साठल्यात. पुढच्या महिन्यात तुला नव्या विकत घ्यायला नकोत.

आता मी वर्गातून एकदाही उठत नाही. ताएजे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना म्हणाली, बघा, माझी भाची किती शहाणी झाली, आणि मला पेन दिलं. हे पत्र त्याच पेनानं लिहितेय.

पेजेचं ताएजेला सांगू नकोस हं. ती पहाटे उठून करते, तिला वाईट वाटेल.

तुझ्यावर खूप खूप जीव असलेली
नुरझादा


येकातेरिनबुर्ग,
८ डिसेंबर २००५

बात्मा एजे,

नमस्कार नंतर. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी नुरझादाचं दप्तर उघड. तिच्या सगळ्या गोळ्या त्यात आहेत. पोर उपाशी शाळेत जाते. तू पहाटे उठून केलेली पेज कुत्रा खातो, आणि तू माझ्या लेकीला न हगल्याबद्दल पेन बक्षीस देतेस!

पोस्टातून दोनदा फोन लावला, घरात कुणी उचलत नाही. शाळेत लावला तर मंबेत अगाय म्हणाले, बाई, तुमची मुलगी आता सुधारली. ती सुधारली नाही. ती आतून सोलली जातेय, आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवताय.

तिला घरी ठेव. शिकली नाही तरी चालेल. मी निघायची परवानगी मागितलीय.

झेइनेप


काराबुलुन,
१९ डिसेंबर २००५

चि. झेइनेप हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा तू मला 'तू' म्हणालीस. म्हण.

परवा फोनवर ओरडून सांगितलं त्यातलं निम्मं तुला ऐकू गेलं नसेल. ती नारीनच्या रुग्णालयात आहे, हे तर कळलंय ना? तिथले डॉक्टर तिला बिश्केकला हलवायचं म्हणतात. तू थेट तिकडेच ये.

झालं ते असं. सहामाहीची गणिताची परीक्षा होती आणि तालुक्याहून तपासणीला माणसं आली होती. तोयबुबू तापानं घरी, म्हणून वर्गावर मी उभी राहिले. नुरझादानं हात वर केला. तपासनीस बाई माझ्या शेजारीच होत्या. मी पोरीला खुणेनं सांगितलं, गणित संपव. तिनं मान हलवली. पुन्हा हात वर केला. मी दुसरीकडे बघितलं. दिसला नाही असं नाही, झेइनेप. दिसला आणि मी बघितलं नाही. तिसऱ्यांदा तिनं हात वर केलाच नाही, उठली आणि कोट न घालता बाहेर पळाली. तपासनीस बाईंनी विचारलं, ही कोण? माझ्या तोंडून निघालं, आहे एक विद्यार्थिनी, येईल.

पेपर गोळा झाले तरी आली नाही. स्वयंपाकीण अस्याल राख टाकायला गेली होती, तिला ती बाहेरच्या शौचालयापाशी बर्फात पडलेली दिसली. घसरून डोकं आपटलं होतं, पण रक्त डोक्याचं नव्हतं. अस्यालनं तिला आपल्या शालीत गुंडाळून आणलं. पोरीच्या अंगात ताप होता. पोर शुद्धीवर आली तेव्हा पहिलं काय म्हणाली सांगू? म्हणाली, ताएजे, शेवटचं गणित राहिलं.

मी तिची मावशी आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. फक्त त्या दिवशी वर्गात मला ते आठवलं नाही, किंवा फार आठवलं. दोन्हींतलं खरं कोणतं, हे मलाच कळत नाही.

लोभ ठेव असं लिहायचा मला हक्क नाही.

बात्मा


काराबुलुन,
२० फेब्रुवारी २००६

चि. झेइनेप हिस अनेक आशीर्वाद.

बिश्केकच्या रुग्णालयात तू मला दारातूनच परत पाठवलंस, ते बरोबर होतं. परिचारिकेनं मात्र मला आत डोकावू दिलं. पोर झोपली होती. वेण्या सैल घातल्या होत्यास. तिला तशाच आवडत असतील.

इकडची बातमी सांगते, राग आला तरी वाच. गेल्या आठवड्यात पालकसभा झाली. मंबेत अगायनी उभं राहून जाहीर केलं की आजारी मुलांना यापुढे आतलं शौचालय खुलं, आणि बाहेरच्याला दारं बसवणार. म्हणाले, ही सूचना आमच्या बात्मा एजेची, त्यांनी स्वतःच्या घरचं दुःख सोसून शाळेचा विचार केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोनुननं सगळ्यात जोरात. उठून खरं सांगावं असं वाटलं, पण उठले नाही. जी बाई बोलायच्या वेळी बोलली नाही, ती टाळ्यांच्या वेळी काय बोलणार?

आता इथे सगळी तयारी आहे. दाराजवळचा बाक मी स्वतः पुसून ठेवलाय. एप्रिलपासून पाठवशील का तिला? तिचं वर्ष वाया जायला नको. उत्तर नाही दिलंस तरी मी समजेन.

तुझ्या मनातला माझा कोपरा अगदीच रिकामा झाला नसेल, या आशेवर,

बात्मा एजे


बिश्केक,
१० एप्रिल २००६

बात्मा एजे यांस झेइनेपचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण नुरझादा रोज विचारते, ताएजेला कळवलं का. म्हणून कळवते.

मोठं आतडं काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नियमित पोटात गेल्या असत्या तर वाचलं असतं का, हे नक्की सांगता येत नाही. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही. पोटावर पिशवी लावलीय, आता आयुष्यभर ती राहील. पहिले काही दिवस पोर पांघरुणातून तोंड बाहेर काढत नव्हती. आता पिशवी स्वतः बदलते, मला खोलीतून हाकलते. वजन वाढतंय. पेज नको म्हणते, भाजलेलं मटण मागते.

मी येकातेरिनबुर्गला परत जात नाही. इथेच एका शिवणाच्या दुकानात लागले आहे, एक खोली घेतली आहे. तिला तुमच्याकडे पाठवणार नाही. बाक दुसऱ्या कुणाला द्या.

गेल्या सोमवारी तिला इथल्या शाळेत घातलं. मी रात्रभर जागी राहून वाक्यं पाठ केली होती. ते नाही म्हणाले तर हे म्हणायचं, तरीही नाही म्हणाले तर ते म्हणायचं. भांडायला म्हणून चांगला कोटही घातला होता. वर्गशिक्षिका एक पोरगेलीशी रशियन बाई, गालिना नावाची, चहा पीत होती. मी पहिलं वाक्य म्हणायला सुरुवात केली. पिशवी, आतडं, मध्येच बाहेर जावं लागेल, एवढंच म्हणाले असेन. ती म्हणाली, बरं. उठली, खुंटीवरची किल्ली काढली, नुरझादाच्या हातात दिली आणि म्हणाली, वाटेल तेव्हा जा, मला सांगायची गरज नाही. मग विचारलं, खिडकीजवळ बसायला आवडेल की दाराजवळ? आणि उरलेला चहा प्यायला बसली. चहा गरमच होता, एजे.

माझी बाकीची वाक्यं तशीच राहिली. मी दारात उभी राहून रडायला लागले. त्या बाईला वाटलं, आईला आनंद झाला. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. ती आमची कुणी लागत नाही.

नुरझादा तुम्हाला सा. न. सांगते. ती तुमच्यावर रागावलेली नाही. ते मी एकटी करते आहे.

प्रकृतीस जपा. लोभाचं मी आज काही लिहीत नाही.

झेइनेप