रिकाम्या रस्त्यावरची घंटी

बाबा, "रस्ता रिकामा दिसला तरी घंटी वाजवत जावं, पोरी," असं तुम्ही म्हणाला होतात. मी लाल रिबिनी बांधून तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर घोंगडीची घडी टाकून बसले होते आणि समोर कोणीच नाही तर कोणासाठी वाजवता, असं विचारलं होतं. आज सकाळी ते वाक्य आठवायला कारण झालं. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलं म्हणून मी या वयात सायकल घेतली आहे आणि उजाडता उजाडता शहराबाहेर बेसाच्या बाजूला जाऊन येते. तिकडे प्लॉट पडलेत, पण घरं अजून फारशी नाहीत. एका फाटकाशी कडुलिंबाची काडी चावत उभे असलेले म्हातारबुवा मला पाहून हसले. "मॅडम, कोणाले घंटी वाजवून राहिल्या जी? कुत्रं बी नाही रस्त्यावर." मी हात पाहिला तर अंगठा खरंच घंटीवर होता. किती वेळ वाजवत होते कोण जाणे.

तुम्ही दारूबंदी खात्यात जमादार होतात. टेकड्यांमधली पाच-सहा गावं तुमच्या फेरीत होती. तिथं मोहाची झाडं चिक्कार, आणि नाल्याच्या कडेनं मोहाची दारू गाळणाऱ्या हातभट्ट्याही तशाच. त्या शोधायच्या, फोडायच्या आणि माणसं पकडून आणायची, हे तुमचं काम. रविवारी फेरी असली की तुम्ही मला सोबत न्यायचात. धरमपेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या दारात आई उभी राहायची. "अवो, पोरीले काहून नेऊन राहिले तिकडं? दारूवाल्याईच्या गावात काय ठेवलं हाय तिच्यासाठी?" तुम्ही पायजम्याला क्लिप लावत म्हणायचात, "खाऊ दे वं तिले मोकळी हवा." तीन भावंडांत हवा खायला फक्त मला नेलं जायचं. तेवढ्यावर मी आठवडाभर मिरवायची.

अंबाझरीचा तलाव मागे पडला की शहर संपायचं. मग संत्र्यांचे बगीचे, आणि त्यांच्या कुंपणाबाहेर आलेल्या फांद्या. चढ लागला की मी उतरायची आणि मागून कॅरिअर ढकलायची. माझ्या ढकलण्यानं तुम्हाला काय मदत व्हायची देव जाणे, पण वर पोचल्यावर तुम्ही म्हणायचात, "तू होती म्हणून चढलो." चैत्रात मोह गळतो तेव्हा त्या रस्त्याला असा गोड, जड वास यायचा की डोळे मिटावेसे वाटायचे. झाडांखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली, आणि तिच्यावर बायका वाकून फुलं वेचतायत. मी अजूनही डोळे मिटले की तुमच्या खाकी शर्टाची पाठ दिसते, तिच्यावर घामाचा नकाशा. चढ संपतो, उतार सुरू होतो, खाली झाडीत गाव दिसतं आणि तुमचा अंगठा सुरू होतो. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग, गाव येईपर्यंत. एकदा नाल्यावर निळा धूर दिसला म्हणून मी ओरडले, "बाबा, धूर!" तुम्ही म्हणालात, "समोर पाय." आपल्याकडे 'पाहा'ला 'पाय' म्हणतात, आणि मी लहानपणी खरंच पाय पुढे करायची. आपण खाली पोचलो तेव्हा धूर नव्हता.

तुम्ही कधीच कोणाला पकडलं नाहीत. बाकीच्यांनी पिंपं जप्त करून आणली, बढत्या घेतल्या. तुमच्याबरोबरचे एक जमादार काका चहाला आले की हटकून म्हणायचे, "तुमी दारू पकडाले जाता का आरतीले? घंटी त अशी वाजवता!" तुम्हीही हसायचात. गल्लीत मात्र वेगळं बोलायचे. फुकट नसन वाजवत, असं. पुढे मोठी झाल्यावर तेही माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. पण आपल्या दोन खोल्यांच्या शेवटपर्यंत दोनच खोल्या राहिल्या. त्या प्रश्नाचं उत्तर घरानंच दिलं. माझा प्रश्न दुसरा आहे.

तो रविवार आठवतो ना? नाक्याजवळच्या चिंचेखाली तुमच्या खात्याचे नवे साहेब सायकल घेऊन उभे होते. तुम्हाला न कळवता आले होते. "मुलीला कशाला आणलंत?" त्यांनी विचारलं. "हवा खायले, साहेब," तुम्ही म्हणालात. साहेबांनी खिशातून पांढरा रुमाल काढला आणि तुमच्या घंटीभोवती स्वतःच्या हातानं गुंडाळून घट्ट गाठ मारली. "आज गुपचूप जायचं, जमादार." दुखावल्यावर बांधलेल्या घोट्यासारखी ती घंटी दिसत होती. मला हसू आलं, तुम्हाला आलं नाही. चढ आपण तिघं मुकाट्यानं चढलो. वर पोचल्यावर तुम्ही मला बसवलंत आणि मान न वळवता विचारलंत, "एकोणीसचा पाढा येते का तुले?"

"येते."

"म्हण मंग. मोठ्यानं म्हण. साहेबाले ऐकू दे."

शाळेत माझ्या आवाजाचं कौतुक होतं. मी छाती भरून सुरू केलं. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. समोरच्या टेकडीवरून माझाच आकडा परत येत होता, म्हणून मी आणखी चढवला. साहेब म्हणाले, "शाबास!" एकोणीस संपल्यावर तुम्ही म्हणालात, "आता सत्तावीसचा." तेव्हा साहेबांची सायकल आपल्या बरोबरीला आली. "पुरे आता," ते म्हणाले. मी थांबले, पण उतारही संपलाच होता.

नाल्याकाठी तीन दगडांची चूल होती, राख ओली होती आणि माणूस एकही नव्हता. साहेबांनी दगडावर हात ठेवला आणि चटकन उचलला. जवळच्या झोपडीपुढे एक बाई धान्य पाखडत बसली होती. तिनं साहेबांना पाणी दिलं, तुम्हाला दिलं. तुमच्याकडे तिनं पाहिलंही नाही. मला मात्र जवळ बोलावून पळसाच्या पानात वाळलेली मोहफुलं दिली, मनुकांसारखी चिकट. "लय मोठा आवाज हाय वं माय तुया," ती म्हणाली. मग लुगड्याचा ओला काठ पायाखाली सारून तिनं पुन्हा सूप उचललं. मला वाटलं, पाढ्यांचं बक्षीस आहे.

साहेबांनी घंटीवरचा रुमाल सोडला, त्याला हात पुसले आणि म्हणाले, "जमादार, मुलीचं गणित चांगलं आहे. तुमचं कच्चं आहे." एवढंच. परतीच्या चढावर मी ढकलता ढकलता विचारलं, "मी कुठं चुकली का, बाबा?" तुम्ही थांबलात. "एकदाही नाही," म्हणालात, आणि पुन्हा पायडल मारलं. पुढच्याच महिन्यात तुम्हाला जप्त मालाच्या गोदामावर बसवलं, आणि तिथूनच तुम्ही रिटायर झालात, जमादार म्हणूनच. "खा आता गोदामातली हवा," आई म्हणाली. सायकल भिंतीला लागली. आपले रविवार संपले.

पाढ्यांचा अर्थ मला पुढे कॉलेजात असताना अचानक लागला, बसमध्ये उभी असताना, आणि पहिल्यांदा तुमचा अभिमानच वाटला. त्या बाईला त्या दिवशी साहेबांबरोबर जावं लागलं नाही, ते माझ्या आवाजानं. मग हळूहळू दुसरं सुचत गेलं. लाल रिबिनीची पोरगी मागे बसवलेली सायकल लांबूनही ओळखू येते. जो पोरगी घेऊन येतो तो धाड घालायला आलेला नसतो, हे गावाला कळतं. मग मी त्या सायकलवर कोण होते, बाबा? हवा खायला नेलेली लाडकी लेक, की रुमाल बांधता न येणारी दुसरी घंटी? तुम्ही शेवटचे आजारी होतात तेव्हा मी विचारलं होतं. औषधाची वाटी हातात होती. "बाबा, मला तिकडे काहून न्यायचे तुम्ही?" तुम्ही खिडकीकडे पाहत म्हणालात, "समोर पाय, सांडशील."

तुम्ही तोंडानं कधी खोटं बोलला नाहीत, हे मला माहीत आहे. आईला, साहेबांना 'हवा खायले' म्हणालात, पण 'फक्त हवा खायले' असं कधीच म्हणाला नाहीत. जे काय करायचं ते घंटीनं केलंत. म्हणूनच हे पत्र कुठं जाणार नसलं तरी लिहिते आहे, आणि एक कबूल करते. खरं काय ते मला आता नको आहे. ती बाई वाचली ते बरंच झालं, आणि घंटी म्हणून नेलं असलं तरी माझी तक्रार नाही. फक्त एकदा म्हणा, पोरीले मोकळी हवा खायलेच नेत होतो, बाकी काही नाही. खोटं असलं तरी म्हणा. तुम्ही म्हणणार नाही.