कुंड्या उलट्या करून बघ

१२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

आम्ही सगळे मजेत. पोरांचा खोकला गेला, यांची बदली टळली, आणि माझ्या खिडकीतला पुदिना यंदाही काडीसारखा उभा आहे. हसू नकोस.

तुझ्या गॅलरीतला पुदिना, ओवा, कोथिंबीर, सगळंच गेलं म्हणालीस. फोनवर मी "अरेरे" म्हटलं. ते खोटं होतं.

महिन्यापूर्वी तुझ्याकडे आले, तेव्हा आई दारातच म्हणाली, "आधी माझी बाग बघ!" मग चार दिवस तेच. धाकटीने कुंड्या आणल्या, धाकटीने माती आणली. आई माझ्याकडे सहा वर्षं राहिली, तेव्हा नुसती गुडघ्यांना तेल चोळत बसायची. तुझ्याकडे येऊन बाई शिट्टी वाजवायला लागली! मला ते बघवेना गं. नुसता जळफळाट झाला.

आता ती कुंड्यांना हात लावत नाही. "मीच दोनदा पाणी घातलं असणार, मला आठवत नाही," म्हणते. गॅस बंद केला का, दहादा विचारते. हे फोनवर सांगताना तू रडवेली झालीस, तर मी वर म्हणाले, "वय झालंय तिचं, डॉक्टरांना दाखव." आणि तू गुरुवारची वेळ घेतलीस.

आई काही विसरलेली नाही. रोज सकाळी प्रत्येक कुंडीला एक पेला, तोही मोजून, मी बघितलंय. मी निघाले त्या दिवशी तुम्ही दोघी गाडी बघायला खाली गेलात. तेवढ्यात मी कुंड्या आडव्या केल्या आणि तळाची भोकं मेणबत्तीच्या मेणाने बुजवली. पाणी आतच साचलं, मुळं कुजली. वाटलं, बाग गेली की आई म्हणेल, मला थोरलीकडे सोड.

कुंड्या उलट्या करून बघ. मेण अजून असेल.

फोनवर हे तोंडातून निघेना, म्हणून लिहितेय. गुरुवारच्या आत पोचावं म्हणून कुरियरने पाठवतेय. आईला मोठ्याने वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस. ती माझ्याशी बोलणार नाही, ते मी बघून घेईन. पण तिचा हात चुकला नाही, हे तिला आजच कळू दे.

लहानपणी तू मला एका नावाने चिडवायचीस, तेव्हा आई तुलाच रागवायची. "ताईला असं म्हणू नये," म्हणायची. तेच नाव खाली लिहितेय.

तुझी,
जळकी