कुरुपाच्या पट्ट्या

चपलांच्या दुकानातले काका वर्षापूर्वीच म्हणाले होते, “ताई, कुरूप असं काळं नसतं. दाखवून घ्या.” मी हसण्यावारी नेलं, कुरुपाच्या औषधी पट्ट्याच लावत राहिले. आणि तू? “तळपायाला तीळ, ही परदेशात जाणार,” म्हणून पाहुण्यांना सांगत सुटलास. जातेय, पण दवाखान्यात. डाग वाढलाय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात, एका बाजूला निळसर पडलाय. काल दाखवलं, तर उशीर केला म्हणून डॉक्टरीणबाई भडकल्या. कॅन्सरचा संशय आहे, आज तुकडा काढून तपासणार. बाळ शेजारच्या काकूंकडे आहे. फोनवर गोड बोलू नकोस, तुझ्यावर चिडलेय आणि माझ्यावरही. तुझ्या आईंच्या टाचेवरही तसंच काळं ‘कुरूप’ आहे आणि उरलेल्या पट्ट्या मीच त्यांना दिल्यात. चहा नंतर घे. आधी त्यांना मोजे काढायला लाव, पट्टी सोडव आणि उजेडात नीट बघ.