सूनबाईचे चार वाफे

१२ नोव्हेंबर

चि. सूनबाईस, अ. उ. आ.

नव्या नोकरीच्या दवाखान्यात तुला राहायला मिळालेली खोली खिडकीची आहे, हे वाचून बरं वाटलं. इकडे थंडीने यंदा घाई केली. काल सकाळी पालकाच्या पानांवर पांढरी साय धरली होती. उन्हं आल्यावर पानं काळी पडली. जाताना तू चारही वाफे माझ्या हवाली केलेस. त्यांच्यावर तू थंडीसाठी दरवर्षी नळीच्या कमानी घालायचीस, त्या घालीन म्हणतो. जन्मभर लोकांचे नळ बसवले, पण नळी वाकवणं हा आमच्या धंद्यात गुन्हा. तेव्हा कृती सविस्तर कळव. तू करताना मी पाहत होतो, पण खुर्चीतून.

चहाला अजून दोन कप पाणी ठेवलं जातं. मग दोन्ही मीच पितो. सुट्टी कधी ते लिही.

तुझ्या पत्राच्या वाटेवर डोळे लावलेला,
मामंजी

२१ नोव्हेंबर

ती. मामंजींना, शि. सा. न. वि. वि.

दोन कप चहा बंद करा, पित्त होईल.

वाफा चार फूट रुंद आहे. दोन्ही कडांना समोरासमोर दोन फुटी सळ्या निम्म्या जमिनीत ठोका. प्लॅस्टिकच्या नळीचा सात फुटी तुकडा एका सळीवर चढवा आणि वाकवून समोरच्या सळीवर बसवा. दर तीन फुटांवर एक कमान. वर प्लॅस्टिकचा कागद, कडेला विटा. आमच्याकडे रक्त तपासणारे एक जण आहेत, त्यांनाही बागेचं वेड. ते म्हणतात, दुपारी कागदाची एक बाजू उघडायचीच, नाहीतर रोपं उकडतात. त्यांनी दवाखान्यामागे मुळा लावलाय. काल त्यांनी मला दोन मुळे दिले, तेही धुऊन.

तुमचा मुलगा गेला त्या हिवाळ्यात हातांना काम हवं म्हणून मी वाफे घातले होते. तीन वर्षं झाली. इथे सगळं आहे, पण संध्याकाळी हात माती शोधतात. सुट्टीचं अजून नक्की नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहेच, ती पत्रातून दिसू द्या.

आपली सून

७ डिसेंबर

चि. सूनबाईस, अ. उ. आ.

कमानी उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी आडव्या झाल्या. भरदुपारी वारा सुटला, कागद उडाला तो थेट शेजारच्या शिंपीणबाईंच्या दोरीवर. त्यांनी घडी घालून आणून दिला आणि पुढच्या वेळी इस्त्री करून देऊ म्हणाल्या. उघडा पडलेला कोबीचा वाफा मात्र त्या रात्री गारठून गेला. वाईट वाटलं. तुझ्या हातची रोपं होती.

मग डोकं चालवलं. सगळ्या कमानींच्या माथ्यावरून एक लांब नळी आडवी बांधली, तेव्हा सांगाडा हलेना. कागदाच्या कडा विटांखाली न ठेवता वीतभर मातीत पुरल्या. एकच बाजू उघडायला मोकळी ठेवली. आता आत हात घातला की ऊब लागते.

तुझ्या पत्रात ते रक्तवाले तीन ओळींत तीनदा येऊन गेले. मोजलं नाही, सहज दिसलं. माणूस कसा आहे?

उत्तराला उशीर नको.
मामंजी

१६ डिसेंबर

ती. मामंजींना, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडलं. माणूस चांगला आहे. कमी बोलतात. त्यांची बायको पाच वर्षांपूर्वी गेली. गेल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, माझ्या घरी एक माणूस आहे, त्यांना विचारल्याशिवाय मी काही करत नाही. त्यावर ते म्हणाले, "त्यांना खुशाल विचारा. नाही म्हणाले तरी तुम्हाला मुळे मिळतील."

मी हसले, आणि मग खोलीत येऊन रडले. तुम्ही नको म्हणालात तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही, मनात अढीही ठेवणार नाही. तुम्हाला एकटं टाकून सुखी होण्याइतकी मी कोरडी नाही. तुमच्या मुलाची आठवण गेलेली नाही, हेही लिहिते.

रागावलात तरी पत्र पाठवा.
आपली सून

२९ डिसेंबर

चि. सौ. कां. हीस, अ. उ. आ.

मायना वाचून दचकू नकोस, चुकून लिहिलेला नाही. लग्नाच्या मुलीला असाच लिहितात.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रुसलो होतो. आठ दिवस तुझ्याशी मनात भांडलो. तीन वर्षांत तुला कुणी विचारलं नसेल असं नाही, पण मी कधी विषय निघू दिला नाही. तू मागच्या दारी गुणगुणत असलीस की वाटायचं, माझा मुलगाही आत्ता हात धुऊन आत येईल. तू आहेस तोवर तो थोडा इथेच आहे, अशी माझी समजूत. त्यासाठी तुला अडवून ठेवलं, हे आता कळतंय. पोरी, माझी चूक झाली.

माझी काळजी करू नकोस. शिंपीणबाईंनाही कमानी हव्यात. उद्यापासून त्यांच्या अंगणात काम आहे. धंदा पुन्हा सुरू झाला म्हण.

त्यांना घेऊन ये. जावई म्हणायचं तर आधी मुलगी हवी, ती मला आहे. एकच मागतो. मला मामंजीच म्हणत राहा. ती हाक मारणारं दुसरं कुणी नाही.

वाट पाहतो.
मामंजी