पूर्ण एक मिनिट

४ मार्च
शुश्रूषागृहात रुजू झाले. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीत भरपूर ऊन, नळाला गरम पाणी. आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, आता तरी वेळेवर जेव. काम सोपं आहे. बारा रुग्ण, दिवसातून तीनदा श्वास मोजायचे. आधीच्या चार्टवर सगळ्यांचे अठरा. म्हणजे कुणी मोजलेच नव्हते. मी पूर्ण एक मिनिट मोजते. छाती वर आली की एक.

५ मार्च
मोठ्या सिस्टरनी युक्ती शिकवली. मनगट धरून नाडी बघतोय असं भासवायचं आणि गुपचूप श्वास मोजायचे. कळलं की माणूस मुद्दाम श्वास घ्यायला लागतो, आकडा बिघडतो. सातव्या खाटेवर गणिताचे निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी विचारलं, नाडीला एवढा वेळ लागतो होय गं? मला थापा मारणं जमत नाही. खरं सांगितलं. ते हसले. म्हणाले, ऐंशी वर्षं आपोआप चाललं होतं, कशाला आठवण करून दिलीस पोरी!

६ मार्च
मास्तर: चौदा. लिहायला मान खाली घातली आणि त्यांचा श्वास थांबला. वर पाहिलं, छाती हलली. आणखी तीनदा करून पाहिलं. तीनदा तसंच.

७ मार्च
मास्तर म्हणतात, आता आपलं आपण जमत नाही. तू मोजलंस की जमतं. सिस्टरनी मोजून पाहिलं. मास्तरांचे ओठ निळे पडले. मी आत येऊन एक म्हटलं, तेव्हा त्यांनी श्वास घेतला. डॉक्टर म्हणाले, श्वासाचं यंत्र उद्या येईल, तोवर तू बस. खुर्ची दिली.

८ मार्च, सकाळ
यंत्र नाही. दोन श्वासांच्या मधे लिहितेय — एक वाक्य मावतं — सात — सिस्टर चहा ठेवून गेल्या — आठ — काही वाटत नाही, नुसते आकडे —

दुपार
सिस्टर खांदा हलवतायत — म्हणतात, अगं बाळा, मास्तर सकाळी दहा वाजताच गेले, तुला किती हाका मारल्या — खाट रिकामी आहे. चादरही बदललेली —

मग मी मोजतेय ते — नऊ —

थांबून पाहिलं. माझी छाती हलली नाही. दहा म्हटलं. हलली.

बोलले तर आकडा चुकेल — अकरा — डोळे मिटतायत — सिस्टर म्हणतात, झोप जरा, मी आहे — बा