शनिवारी काय झालं

बर्मिंगहॅम,
१८ ऑगस्ट २०२५

चि. अंशुमन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा बरा आहे, बीपी आटोक्यात आहे. बागेत यंदा टोमॅटो इतके आलेत की शेजारीण मला पिशवी घेऊन येताना बघितलं की दार लावते. कस्तुरीच्या पाठीचं कसं आहे? तुझ्या बायकोला म्हणावं, व्यायाम सोडू नकोस, पेनकिलर सोड.

पत्र का, असं विचारशील. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मशीन तू कानात घालत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅप कस्तुरी आधी वाचते आणि तुला सारांश सांगते. बायको गुणाची आहे तुझी, पण हा मजकूर सारांशाचा नाही.

तर क्रिकेट. मागच्या आठवड्यात विचारलंस, ताई, एलबीडब्ल्यू डोक्यात शिरलं का एकदाचं? शिरलं. बॉल पायाला लागला. पाय मधे नसता तर स्टंपवर गेला असता, असं अंपायरला वाटतं. म्हणून माणूस बाद. म्हणजे जे घडलंच नाही त्यासाठी घरी पाठवायचं! वर बॉलचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला असेल तर मात्र नाही, हे पोटकलम. उभा जन्म लोकांना भूल देण्यात गेला माझा, पण ऑपरेशन थिएटरचे नियमसुद्धा याहून सोपे होते. ओव्हरही कळली. सहा बॉल झाले की सगळे आपापल्या जागा बदलतात. मला आधी वाटायचं, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून.

माझ्या या प्रश्नांनी तू किती खूश झालास ते मला माहीत आहे. ताई शशीच्या आठवणीसाठी क्रिकेट शिकतेय, असं तू कस्तुरीला सांगितलंस, नागपूरच्या काकूंना सांगितलंस, आणि दिवाळीत मला सांगताना फोनवर रडलास. मी गप्प बसले. माझा नवरा आणि तुझा जिवलग मित्र गेला त्याला आता तीन वर्षं झाली, तुला तेवढाच आधार वाटतोय तर वाटू दे, असं म्हटलं. पण आता गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं होईल. मी शशीसाठी शिकले नाही.

नीट क्रमाने सांगते.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी शशीची मेंबरशिप बंद करायला एजबॅस्टनच्या मैदानावर गेले होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजचा दिवस तरी बसून जा, बॅब." इथे सगळ्यांनाच बॅब म्हणतात, मी सुखावून गेले वगैरे समजू नकोस. बाहेर पाऊस नव्हता, घरी कोणी नव्हतं, बसले. स्टँडमध्ये सगळी आपल्याच वयाची मंडळी. प्रत्येकाजवळ थर्मास, सँडविच, आणि दोघांच्या मधे दोन खुर्च्या रिकाम्या. चार दिवस एकच मॅच चालते आणि शेवटी कोणी जिंकतही नाही, हे मला तिथे कळलं. तेवढ्यात मैदानावरच्या एका पोराने सोपा कॅच सोडला आणि डावीकडून आवाज आला, "अरे शहाण्या, हाताला लोणी लावून आलायस का?"

मी चमकून बघितलं. ते गृहस्थ ओशाळले. म्हणाले, "चेऊलकर. एलिएझर चेऊलकर. भायखळ्याचा."

ज्यू आहेत. आपल्याकडचे, मराठी बोलणारे. इथे रेल्वेत इंजिनिअर होते, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी ऑर्ली लंडनला, स्टॅनमोरमध्ये असते. मॅचचा तो पहिला दिवस, शुक्रवार. दुपारीच थर्मास बंद करून उठले. मी म्हटलं, उद्या येणार ना? तर म्हणाले, "उद्या शब्बाथ. बस नाही, फोन नाही, रेडिओ नाही. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे ते उगाच नाही. शनिवारी घाणा बंद." रविवारच्या पेपरात त्यांना आकडे मिळतात, पण काय झालं ते कुणी सांगत नाही. इतकी वर्षं हा माणूस मधलं पान फाटलेलं क्रिकेट बघतोय. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येते उद्या. रविवारी सांगेन तुम्हाला."

तर रविवारी त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "काही नाही हो. परवाचीच दोघं सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेळत होती. कोणी आऊटसुद्धा झालं नाही. मी जेवणानंतर जरा डुलकी काढली."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो डॉक्टरीणबाई, दिवसभरात एकही विकेट नाही? सत्तर वर्षांत असा दिवस माझ्या वाट्याला आला नाही, आणि तुम्ही झोपलात?" आणि मग असे हसले, असे हसले, की पुढच्या रांगेतल्या साहेबाने मागे वळून बघितलं. मलाही हसू आलं. शशी गेल्यानंतर मी इतकी हसले नव्हते. त्या दिवशी ठरवलं, बाई, डोळे उघडे ठेवून बघायला शिक. तेव्हापासून शनिवारी मी मैदानावर, रात्री प्रश्न तुला, आणि तुझी उत्तरं रविवारी त्यांना.

तू म्हणशील, मग शशीने का नाही शिकवलं? नव्व्याण्णव साली तू वर्ल्ड कपसाठी इथे आलास, तेव्हा तिकिटं दोनच काढली होती. आदल्या दिवशी मी विचारलं, तो लांब उभा असतो त्याला थर्ड मॅन का म्हणतात? तुम्ही दोघं पोट धरून हसलात आणि शशी म्हणाला, तू पोह्यांचं बघ. मी पोहे केले. शशी वाईट नव्हता रे. तूच आणलेलं स्थळ, आणि चांगलं आणलंस. त्याच्याबरोबर मी सुखात होते, त्याच्यासाठी अजून रडते. पण त्या दिवशी मला राग आला होता, आणि लिहिताना कळतंय की तो अजून गेलेला नाही.

यंदा जूनमध्ये एकदा बॉल बॅटला चाटून कीपरच्या हातात गेला. एलिएझर कुजबुजले, "लागलाय! पण कोणी विचारलंच नाही." मी म्हटलं, मग? "मग काय, नॉट आऊट. अंपायर आपणहून बोट वर करत नाही. विचारावं लागतं." हे तू मला सांगितलं नव्हतंस. यात मी काही तत्त्वज्ञान बघत नाही, पण टी-ब्रेकमध्ये मीच विचारलं.

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "वरदाबाई, शनिवारी मी चहासुद्धा गरम करत नाही. चालेल?"

मी म्हटलं, "मी तर रोजच करत नाही."

तर लग्न करतोय आम्ही. आता तू उठून खोलीत चार फेऱ्या मारशील. मार. मग पुढचं वाच.

तीस ऑक्टोबर, गुरुवार, रजिस्टर ऑफिस. ते ज्यूच राहणार, मी गणपती बसवणार. ऑर्लीने फोन केला होता. तिचं मराठी इथलंच. "आंटी, तुमचा लग्न झाला की तुम्ही मला फिश करी शिकवणार?" मी म्हटलं, मी शाकाहारी आहे. म्हणाली, "ओके, डॅड शिकवेल." एवढाच तिचा विरोध.

साक्षीदार दोन लागतात. त्यांच्या बाजूने ऑर्ली. माझ्या बाजूने हॉस्पिटलातल्या दोन मैत्रिणी सही करायला टपलेल्या आहेत, मी कोणालाच हो म्हटलेलं नाही. शशीच्या वेळी कानपिळीला तू त्याचा कान मित्र म्हणून जरा जास्तच पिळला होतास, आठवतं? यांचा कान पिळायला कोणी नाही.

तेवीसला भाऊबीज आहे. दरवर्षी विचारतोस, ओवाळणी काय पाठवू, आणि मी म्हणते काही नको. यंदा हवी आहे. कस्तुरीला घेऊन ये, मी तुला ओवाळते, आणि आठवडाभर राहून माझ्या बाजूने सही कर. शशीसाठी भांडायचं असेल तर जरूर भांड, मी ऐकून घेईन, पण इथे येऊन भांड. तू आला नाहीस तरी लग्न होईल, तुला खोटं कशाला सांगू? पण आई-बाबा गेल्यापासून माहेर म्हणून मला तू एकटाच आहेस, आणि अडुसष्टाव्या वर्षी मला माहेर नसलेली नवरी व्हायचं नाही.

तू येतो म्हणालास तरी, नाही म्हणालास तरी,
तुझीच,
ताई